रात्री लावलेला दही-फळांचा ग्लास सकाळी पाणचट का होतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सकाळी साडेसातला घरातली तिघंही बाहेर पडतात, गॅस पेटवायला सवड नसते, म्हणून रात्रीच काचेच्या ग्लासांत दही, चिरलेली फळं आणि राजगिऱ्याच्या लाह्या यांचे थर लावून फ्रीजमध्ये ठेवता. सकाळी बघावं तर वर बोटभर पाणी आणि लाह्यांचा लगदा. पपई घातली होती त्या दिवशी तर ग्लास चक्क कडू. विकतचं ग्रीक दही रोज परवडत नाही. मग हा प्रकार रात्री लावायचाच नाही का?

लावायचा, पण सगळाच्या सगळा नाही. कचेऱ्यांना नाश्त्याचे गार डबे पुरवणं हा माझा धंदा आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

पाणी आणि लगदा या दोन तक्रारींचं मूळ एकच आहे, सुटलेलं पाणी. पपईचं प्रकरण निराळं, त्याकडे नंतर येते. आधी दही, कारण निम्मं काम तिथंच होतं किंवा तिथंच फसतं.

दह्यात साधारण ८५ टक्के पाणीच असतं. दही लागतं तेव्हा दुधातल्या केसिन नावाच्या प्रथिनाची बारीक जाळी तयार होते आणि पाणी त्या जाळीत अडकून बसतं. आपण डाव घातला की जाळी तुटते. घरचं दही काढून पातेलं तसंच ठेवा, थोड्या वेळाने त्या खड्ड्यात पिवळट-हिरवी निवळ साचलेली दिसेल. तुमच्या ग्लासात रात्रभर हेच चाललेलं असतं, शिवाय वरून फळांचं वजन. म्हणून थर लावायचं दही आधी निथळून घ्यायलाच हवं. मग ते घरचं असो की पिशवीतलं. पिशवीतलं तर जास्तच, कारण वाहतुकीत हिंदकळून त्याची जाळी आधीच मोडलेली असते.

निथळायचं किती, यात बहुतेकांची गल्लत होते. श्रीखंडाचा चक्का करतो तितकं घट्ट करायचं नाही. एक लिटर फुलक्रीम दुधाचं दही किलोभर होतं. त्याचा रात्रभर टांगून पक्का चक्का ४०० ग्रॅमच्या आसपास भरतो. आपल्याला हवं ते मधलं, म्हणजे किलोचं साधारण ६०० ग्रॅम. त्याला फ्रीजमध्ये तीनेक तास लागतात. पक्का चक्का ग्लासात घातला तर तो फळांच्या फटींमध्ये उतरत नाही, मध्ये पोकळ्या राहतात आणि फळांचा रस नेमका तिथे साठतो. खायलाही तो घशाशी बसतो. दही झालं की नाही हे कळण्यासाठी चमचाभर घेऊन चमचा उलटा धरा. लगेच घसरलं तर अजून निथळू द्या. हलकासा झटका दिल्यावर पडलं तर बरोबर. झटका देऊनही चिकटून राहिलं तर तो चक्का झाला, त्यात दोन चमचे निवळ परत फेटून घाला.

आणि कृपा करून ते पुरचुंडी बांधून नळाला टांगू नका. बाहेर टांगलेलं दही नुसतं निथळत नाही, आंबतही राहतं. विरजणातले जीवाणू गरम हवेत आपलं काम थांबवत नाहीत. मे महिन्यात सकाळपर्यंत ते इतकं आंबट होतं की मग त्यावर साखर ओतावी लागते, आणि साखर ओतली की पुन्हा पाणी. पातेल्यावर चाळणी ठेवा, चाळणीत ओला करून घट्ट पिळलेला मलमलचा पंचा अंथरा, त्यावर दही ओता, पंच्याची टोकं दुमडून वर ताटली झाका आणि सगळं फ्रीजमध्ये सरकवून द्या. पंचा ओला करून पिळायचा तो यासाठी की कोरडं कापड दही पिऊन घेतं आणि मग सोडत नाही. कपड्यांच्या साबणाने धुतलेला पंचा नको. वास दह्यात उतरतो आणि तो कशानेही जात नाही. या कामाचा पंचा वेगळाच ठेवावा आणि उकळत्या पाण्यातून काढावा.

पंच्यातून काढल्यावर दही थोडं रवाळ दिसतं. काट्याने किंवा डावाने ते मऊ होईपर्यंत फेटा, मिनिटभर पुरतं. मिक्सरला लावू नका. मिक्सरमधून ते दिसतं गुळगुळीत, पण पातळ होतं आणि परत घट्ट होत नाही.

दही घरी लावत असाल तर दोन गोष्टींनी निथळण्याचा वेळ बराच वाचतो. पहिली म्हणजे दूध उतू जाण्यापर्यंत तापवून गॅस बंद न करता मंद आचेवर आणखी दहाएक मिनिटं ढवळत राहा. त्या उष्णतेने निवळीत जाणारी प्रथिनंसुद्धा केसिनला चिकटतात आणि जाळी दाट होते. दुसरी, म्हशीचं किंवा फुलक्रीम दूध घ्या. फुलक्रीम दुधात ६ टक्के स्निग्धांश आणि ९ टक्के इतर घन पदार्थ असावे लागतात, टोन्डमध्ये ३ आणि साडेआठ. फरक दह्याची वाटी उलटी केल्यावर कळतो. डॉक्टरांनी साय बंद केली असेल तर टोन्ड दुधात लिटरमागे दोन मोठे चमचे दूध पावडर नीट विरघळवा, काम भागतं. विरजण बोट सोसवेल इतक्या कोमट दुधात, उन्हाळ्यात लिटरला छोटा चमचा, थंडीत दोन. दही लागलं रे लागलं की फ्रीजमध्ये, आणि चार-पाच तास त्याला हात लावायचा नाही. गार झाल्यावर जाळी बसते.

ग्रीक दह्याबद्दल एवढंच सांगते: डब्याच्या मागची घटकांची यादी वाचा. दूध आणि विरजण एवढंच असेल तर ते खरंच निथळलेलं किंवा दुधाचे घन पदार्थ वाढवलेलं दही. स्टार्च, जिलेटिन, पेक्टिन दिसलं तर घट्टपणा तिथून आलाय. फळांच्या चवीच्या डब्यांवर साखरेचा आकडा बघा. दुधाची स्वतःची साखर १०० ग्रॅमला ४-५ ग्रॅम असतेच, त्याच्या वर जे आहे ते बहुतेक ओतलेलं.

म्हणजे हिशोब असा होतो. अर्धा लिटर फुलक्रीम दूध, त्याचं ५०० ग्रॅम दही, निथळून ३००. दोन ग्लास. तुम्ही तिघं आहात, पाऊण लिटर लावा. शेजारच्या पातेल्यात जी निवळ उरेल ती ओतून देऊ नका. थालीपिठाची भाजणी भिजवा, कणीक मळा, कढीत पाण्याऐवजी वापरा. थोडी आंबट असते, त्यामुळे कढीला दही कमी लागतं.

साखर. दह्यात अजिबात घालायची नाही. श्रीखंड करणाऱ्या कुणालाही हे ठाऊक आहे की चक्क्यात साखर मिसळली की तो सैल पडतो. साखर पाणी खेचते. चिरलेल्या स्ट्रॉबेरीवर साखर भुरभुरली की पंधरा मिनिटांत वाटीत रस जमतो, तोच प्रकार. म्हणून मध, काकवी, गुळाचा पाक, जे काही गोड वाटेल ते सकाळी वरून. रात्रीच गोडी हवी असेल तर ती कोरड्या फळांतून द्या: बिया काढून चिरलेला खजूर, बेदाणे, सुकं अंजीर. ही फळं रात्रभरात भोवतीचं पाणी पिऊन फुगतात, म्हणजे गोडी देतात आणि वरचं पाणीही शोषतात. माझ्या बहुतेक रात्रीच्या ग्लासांत ओल्या फळाला लागून खजुराचा एक पातळ थर असतो. साध्या काळ्या खजुराचे दोन-तीन पुरतात. महागडे नकोत, ते आधीच ओलसर असतात आणि कमी पाणी पितात.

आता तुमची पपई. पपईत पपेन नावाचं विकर असतं, म्हणजे प्रथिनं तोडणारा पदार्थ. मटण शिजत नसलं की कच्च्या पपईचा तुकडा वाटून लावतात तो याच गुणासाठी. पिकलेल्या पपईत ते कमी असतं, पण आठ तास दह्याला चिकटून बसल्यावर तेवढंही पुरतं. दुधाची प्रथिनं तुटून जे लहान तुकडे होतात त्यातले काही जिभेला कडू लागतात. जाळीच तुटल्यामुळे दही पातळही होतं, तेव्हा त्या दिवशी तुमच्या ग्लासात पाणीही नेहमीपेक्षा जास्त असणार. अननसात ब्रोमेलेन आणि किवीत ॲक्टिनिडिन हीच कामगिरी करतात, अननस तर पपईहून जोरात. ताज्या अंजिरातही असं विकर आहे, मुख्यतः देठाच्या चिकात. सासवडकडची पूर्ण पिकलेली, मऊ अंजिरं तितका त्रास देत नाहीत, पण मी तीही रात्री घालत नाही.

मग हॉटेलातलं अननसाचं रायतं कडू का होत नाही? कारण त्यातला अननस डब्यातला किंवा पाकात शिजवलेला असतो, आणि उष्णतेने ही विकरं निकामी होतात. आपण गॅस पेटवायचाच नाही असं ठरवलंय, तर मार्ग एकच: पपई, अननस, किवी रात्री चिरून वेगळ्या डब्यात ठेवा आणि ग्लास हातात घेताना वर घाला. पंधरा-वीस मिनिटांत काही बिघडत नाही. पपईच्या फोडी रात्री नुसत्या ठेवल्या तरी त्यांना थोडं पाणी सुटतं, ते प्या किंवा ओता, ग्लासात घालू नका.

बाकीची फळं मी पाण्याच्या हिशोबाने ओळखते. डाळिंबाचे दाणे सर्वांत शहाणे. प्रत्येक दाण्याला स्वतःचं आवरण असतं, फुटल्याशिवाय थेंब सुटत नाही. सोलापूर-सांगोल्याकडचं भगवा डाळिंब मिळालं की रात्रीच्या ग्लासासाठी दुसरं काही शोधायची गरज नाही. दाणे काढताना मात्र पांढरी साल एकही जाता कामा नये, तुरट लागते. अख्खी द्राक्षंही तशीच. नाशिकची किंवा तासगावची, फेब्रुवारी ते एप्रिल. घरात पाच वर्षांखालचं मूल असेल तर द्राक्षं उभी चार भागांत चिरूनच द्यायची, घशात अडकण्याचा धोका खरा असतो. चिरली की मात्र ती रात्रीची राहत नाहीत.

केळं काळं पडतं ते हवेमुळे. चकत्या करून लगेच दह्यात पूर्ण बुडवल्या तर सकाळी आतून पांढऱ्याच निघतात. वर ठेवलेल्या चकत्या मात्र तासाभरात तपकिरी होतात, लिंबू चोळलं तरी फार तर थोडा उशीर होतो. पिकून काळे ठिपके आलेलं केळं रात्री विरघळल्यासारखं होतं, त्याचं शिकरणच बरं. इथे जरा करकरीत, नुकतं पिवळं झालेलं घ्या. सफरचंद, पेरू, चिकू यांचंही तेच, दह्याखाली ठेवा. घोलवडचा चिकू दह्याबरोबर इतका चांगला लागतो की लोक तो का घालत नाहीत हे मला कळत नाही. साल काढा, बिया काढा, बोटाच्या पेराएवढे तुकडे करा, वर जायफळ किसा.

स्ट्रॉबेरीचं जरा सविस्तर सांगते, कारण डिसेंबर ते मार्च आमच्याकडे रोज तिचीच मागणी असते आणि सर्वांत जास्त पाणी तीच सोडते. महाबळेश्वर-पाचगणीहून आलेला डबा आणल्याबरोबर धुवायचा नाही, ओली स्ट्रॉबेरी दुसऱ्या दिवशी बुरशी धरते. डबा उघडून दबलेली फळं काढून टाका, खाली कोरडा कागद घाला आणि फ्रीजमध्ये ठेवा. वापरायच्या वेळी देठासकट धुवा, स्वच्छ फडक्यावर उलटी पसरून कोरडी करा, आणि मग देठ काढा. आधी देठ काढून धुतली तर त्या खळग्यातून पाणी आत शिरतं, आणि शेवटी ते ग्लासातच येतं. रात्रीसाठी लहान फळं निवडून अख्खी ठेवा किंवा फार तर उभी दोन भागांत करा, आणि चिरलेली बाजू खजुराच्या थरावर उपडी लावा. काचेला टेकवून चकत्या लावायचा मोह होतो, फोटोत छान दिसतं. ते पाहुणे आले की सकाळी करा. रात्री लावलेल्या चकतीतून गुलाबी ओघळ काचेवरून खाली येतात आणि दह्याचा थर डागाळतो.

संत्रं-मोसंबी मी थरात घालतच नाही. पाकळीचा पापुद्रा ठेवला तर कडवट चोथा चावावा लागतो, काढला तर रसच रस. नागपुरी संत्रं सोलून शेजारी ठेवावं, माणूस खातो. कलिंगड, खरबूज यांचा तर विचारही नको.

आंबा मात्र राजेशाही आहे. हापूसच्या फोडी करण्यापेक्षा त्याचा गर काढा, पाणी किंवा दूध न घालता, हातानेच मोडा. हा दाट गर ग्लासाच्या तळाशी जातो, जड असल्यामुळे तिथेच बसतो आणि दही वर नीट उभं राहतं. रायवळ किंवा पायरीचा पातळ रस असेल तर पुरीबरोबर खाऊन टाका. पातळ रस आणि निथळलेलं दही रात्रभर शेजारी ठेवले तर सीमा पुसट होत जाते आणि सकाळी सैलसं आम्रखंड हातात येतं. वाईट लागत नाही म्हणा, पण थर गेले.

सीताफळ या नाश्त्यासाठीच जन्माला आलंय असं मला वाटतं. तापवलं की त्याचा गर कडवट होतो, म्हणून बासुंदीतही तो गार झाल्यावर घालतात. इथे आच लागतच नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर पूर्ण पिकलेलं घ्या, गर चाळणीत घालून चमच्याने हलके फिरवा म्हणजे बिया सुटतील. बी दातांखाली फुटली तर कडू लागते आणि पोटालाही चांगली नाही, म्हणून मिक्सर इथेही नको. सीताफळाच्या ग्लासात मध, खजूर काही लागत नाही. वर बदामाचे काप, बस्स. जूनमध्ये पंधरा दिवस मिळणारी जांभळं हा माझा दुसरा आवडता प्रकार. गर काढून दह्याच्या मध्यभागी लावा, सकाळपर्यंत भोवतीचं दही जांभळं होतं. इथे रंग उतरलेलाच सुंदर दिसतो. चिमूटभर सैंधव घाला.

लाह्या. राजगिऱ्याच्या, ज्वारीच्या, साळीच्या, कुठल्याही लाह्या म्हणजे फुगून पोकळ झालेला दाणा, तो पाणी पिणारच. त्यांना रात्री ग्लासात जागा नाही. आणि सकाळी घालायच्या तरी खायला बसताना. गोपाळकाल्यात ज्वारीच्या लाह्या आणि पोहे दह्यात कालवून मऊ करतात ते मुद्दाम, तिथे मऊच हवं असतं. तुम्हाला कुरकुरीत हवंय. मग राजगिऱ्याची वडी किंवा चिक्की हाताने मोडून तिचा चुरा वर घाला. प्रत्येक दाण्यावर गुळाचं वेष्टण असतं, त्यामुळे नुसत्या लाहीपेक्षा बराच वेळ तग धरतो, अर्धा तास तरी सहज. गोडीही वेगळी घालावी लागत नाही. बदाम, अक्रोड, भोपळ्याच्या बिया तेलकट असल्यामुळे लवकर मऊ पडत नाहीत. घाई असेल तर त्या रात्रीच वर टाकल्या तरी चालतात.

तळाशी काही पोटभरीचं हवं असेल तर ओट्स किंवा पातळ पोहे. दोन्ही कच्चे वाटतात, पण कच्चे नसतात. ओट्स कारखान्यात वाफवून दाबलेले असतात, पोहे साळी (टरफलासकट तांदूळ) भिजवून, भाजून चेपलेले. त्यांच्यासाठी निथळलेलं दही वापरायचं नाही, ते भिजणारच नाहीत. अर्धी वाटी ओट्सना तितकंच साधं दही आणि पाव वाटी दूध किंवा निवळ. रात्रभर मऊ होतात. पातळ पोह्यांना दहा मिनिटं पुरतात, म्हणून ते सकाळी. ओट्सचा हा प्रकार नवा नाही. झुरिचचे डॉक्टर मॅक्सिमिलियन बिर्खर-बेन्नर १९०० च्या सुमारास आपल्या रुग्णांना भिजवलेले ओट्स, सालीसकट किसलेलं सफरचंद, लिंबू, कंडेन्स्ड मिल्क आणि कुटलेला सुकामेवा असं देत असत. त्यात मुख्य वस्तू सफरचंद होती, ओट्स चमचाभर. आज आपण उलट करतो, आणि मग ग्लास जड होतो. माझं मत विचाराल तर एका ग्लासात ३० ग्रॅमपेक्षा जास्त ओट्स नकोत.

एका माणसाला १५० ग्रॅम निथळलेलं दही, १०० ग्रॅमच्या आसपास फळ, मूठभर कोरडं, असं माप धरा. साधारण ३५० मिलीचा, रुंद तोंडाचा ग्लास किंवा झाकणाची बरणी. चमचा तळापर्यंत जायला हवा, नाहीतर वरचा थर आधी आणि तळचा शेवटी असा वेगवेगळाच नाश्ता होतो. स्टीलचा डबाही चालतो. पितळेचं भांडं कल्हई असली तरी नको, कल्हई कुठे उडालीय ते दिसत नाही आणि दही कळकतं.

लावायचं कसं, ते हापूसऐवजी सध्याच्या दिवसांतल्या फळांवर सांगते, म्हणजे उद्याच करता येईल. रात्री जेवणं आटोपली की निथळलेलं दही फेटा. ग्लास कोरडा पुसून घ्या, धुतलेल्या ग्लासाच्या तळाशी चमचाभर पाणी राहतं आणि ते कुणी मोजत नाही. तळाशी चिरलेला खजूर. त्यावर चिकूचे किंवा केळ्याचे तुकडे. त्यावर निम्मं दही, आणि इथे एक करा: डावाने मध्यभागी न टाकता काचेच्या कडेकडेने सोडत आणा आणि मग ग्लास हातावर दोनदा हलकेच आपटा. तुकड्यांमधली हवा वर येते, दही खाली उतरतं, पोकळी राहत नाही. मग डाळिंबाचे दाणे, पूर्ण थर. उरलेलं दही वर, चमच्याच्या पाठीने कडेपर्यंत सारखं करा, फळ कुठेही उघडं दिसता कामा नये. झाकण लावा. फ्रीजच्या दारात ठेवू नका, दार उघडझाक होताना तिथे गारवा टिकत नाही. आतल्या फळीवर ठेवा, आणि कांदा-लसूण वाटणाच्या डब्यापासून लांब. सकाळी झाकण काढा, वर पपई किंवा चिक्कीचा चुरा, हवं तर काकवीची धार, झालं. थेंबभर निवळ वर दिसली तर ती कलती करून ओता, दही खराब झालेलं नसतं.

असा ग्लास दुसऱ्या रात्रीपर्यंत चांगला राहतो. आठवडाभराचे एकदम लावून ठेवायचे बेत दिसतात हल्ली, ते मी करत नाही. दही टिकेल, पण चिरलेलं फळ तिसऱ्या दिवशी शिळं लागतंच.

एकादशीला आणि श्रावणी सोमवारी हाच ग्लास चालतो, ओट्स-पोहे वगळा, राजगिऱ्याची वडी आणि भाजलेले दाणे घाला. काही घरांत खजूर उपासाला चालतो, काहींत नाही, ते तुमचं तुम्ही बघा. घरात मधुमेही असतील तर खजूर आणि आंब्याऐवजी पेरू, जांभूळ, स्ट्रॉबेरी हे मी सुचवेन, पण प्रमाण त्यांच्या डॉक्टरांनी सांगायचं. एक वर्षाखालच्या बाळाला मध कुठल्याही रूपात द्यायचा नाही. आणि दही-फळ विरुद्ध आहार आहे का, हे तुमच्या सासूबाईंनी विचारलंय. आयुर्वेदात यावर बरंच सांगितलं आहे आणि माझा तो अधिकार नाही, त्यांच्या वैद्यांनाच विचारावं. तोवर त्यांच्या ग्लासात आंबट फळं नकोत. चिकू, सुंठीची चिमूट आणि फ्रीजमधून अर्धा तास आधी बाहेर काढलेलं दही, एवढं करून बघा. गारठ्याची तक्रार तरी राहणार नाही.

मुलीला डब्यात द्यायचा असेल तर तो पहिल्या मधल्या सुट्टीतच संपायला हवा. बाहेर दोन तास, कडक उन्हाळ्यात एकच, यापलीकडे दही-फळ ठेवू नये. गारवा टिकवायला आदल्या दिवशी आंब्याचे तुकडे किंवा अख्खी द्राक्षं फ्रीजरमध्ये गोठवून घ्या आणि सकाळी डबा भरताना ती तळाशी घाला. गोठलेलं फळ वितळताना नेहमीपेक्षा जास्त पाणी सोडतं, बर्फाने त्याच्या पेशी फुटलेल्या असतात, म्हणून त्यावर चमचाभर सुकं चियाचं बी पसरा, ते पाणी पितं, आणि मग दही. चिया नसेल तर चिरलेला खजूर आहेच. वडीचा चुरा वेगळ्या छोट्या डबीत द्या, तिचा ती वर घालून घेईल.